बाबांच्या फोनचा पत्ता

आमचं घर कट्ट्याला, मालवण-कसाल रस्त्यापासून थोडं आत. भिंती चिऱ्याच्या, जाड. वाय-फायचा राउटर माजघरात आणि बाबांची बसायची जागा पडवीत. तिथे सिग्नल पोचत नव्हता, म्हणून गेल्या जूनमध्ये मी पुण्याच्या खोलीवरचा जुना राउटर पडवीत लावला. मधे एक केबल ओढली, दोघांना एकच नाव, एकच पासवर्ड दिला. दहा मिनिटांचं काम.

आठवड्याभरात बाबांचा फोन रुसला. वाय-फायची खूण दिसे, पण मुंबईच्या ताईला व्हिडिओ कॉल कधी लागे, कधी नाही. माझा लॅपटॉप मात्र झकास चालत होता.

"बाबा, तुमी सेटिंगमधे कायतरी केलात."

"मी कायएक करूक नाय."

"मगे फोन आपोआप बिघाडलो?"

ते गप्प झाले. ताईलाही मी तेच सांगितलं. पुढचे तीन रविवार ते छत्री घेऊन रस्त्यावर जायचे, मोबाइल डेटावर तिच्याशी बोलायला. चौथ्या रविवारी ताईने मला विचारलं, "बाबा पावसात का उभे असतात रे?"

तेव्हा कुठे मी त्यांचा फोन हातात घेतला. वाय-फायच्या तपशिलात आयपी पत्ता होता १९२.१६८.०.१०४ आणि गेटवे १९२.१६८.०.१. आमच्या माजघरातल्या राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१. एका आकड्याचा फरक. हा दुसरा गेटवे म्हणजे मी पडवीत लावलेला राउटर.

फोन वाय-फायला जोडला की तो नेटवर्कवर विचारतो, मला पत्ता कोण देतं? उत्तर देणारी यंत्रणा म्हणजे डीएचसीपी. ती घरात एकाच ठिकाणी चालू हवी. आमच्याकडे दोन्ही राउटर उत्तर देत होते, आणि फोन सहसा आधी मिळालेलं उत्तर घेतो. माजघरातल्याचं आलं तर कॉल लागे. पडवीतल्याचं आलं तर फोन इंटरनेट त्याच्याकडे मागे, आणि त्याच्याकडे स्वतःचं इंटरनेट कुठलं?

माझा लॅपटॉप का चालत होता? कारण त्याला मी ऑफिसच्या कामासाठी कायमचा पत्ता देऊन ठेवला होता. त्याला कुणाला विचारावंच लागत नव्हतं. माझं चालतंय म्हणजे नेटवर्क ठीक, असं मी धरून बसलो. इंजिनिअरिंगची चार वर्षं, नोकरीची सहा, आणि तपासणी फक्त स्वतःच्या मशीनची.

जुन्या राउटरला १९२.१६८.१.२ हा पत्ता दिला. माजघरातला राउटर १०० पासून पुढचे पत्ते वाटतो, म्हणजे टक्कर नाही. जुन्याचं डीएचसीपी बंद केलं, केबल लॅन पोर्टातच ठेवली. बाबांच्या फोनवर नेटवर्क 'फर्गेट' करून पुन्हा जोडलं. पत्ता आला १९२.१६८.१.१०३. पुन्हा दहाच मिनिटं.

"म्हणजे माझो फोन बरोच होतो?"

"होय, बाबा. चूक माझी."

त्यांनी ताईला कॉल लावला. तिचा चेहरा दिसताच फोन माझ्या हातात दिला.

"तां तिकाव सांग."