गाढवाचा सूर

गेली सहा वर्षे मी वेल्समधल्या एका प्रादेशिक हार्पमंडळाचा चिटणीस आहे. मला हार्प वाजवता येत नाही, हीच माझी या पदाची लायकी! ज्यांना येते ते वाजवतात. खुर्च्या मांडायला आणि थकलेली वर्गणी मागायला मिरजेचा माणूस लागतो.

गेल्या हिवाळ्यात एका शनिवारी आमच्यातल्या एक निवृत्त शिक्षिका जुन्या बांधणीची हार्प घेऊन आल्या. प्रत्येक तारेच्या पायथ्याशी लाकडाची एक वाकडी खुंटी, तारेला जेमतेम टेकलेली. त्यामुळे स्वर स्वच्छ न उमटता झणझणतो. या खुंट्यांना इंग्रजीत ‘ब्रे’ म्हणतात. म्हणजे गाढवाचे ओरडणे!

“बाई, त्या खुंट्या मागे सारा,” अध्यक्षमहाशय कळवळून म्हणाले.

मी मात्र चहाची किटली हातात धरून उभाच राहिलो. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सूत सरकवीत कारागीर जवारी लावतो, तेव्हा मुकी तार एका क्षणी बोलू लागते. तोच हा आवाज. आमच्या घरी आईचा तंबोरा होता. इकडे येताना तिकिटाला पैसे कमी पडले, म्हणून मी तो विकला. आई त्या दिवशी काही बोलली नाही. नंतरही कधी नाही.

बाईंनी रॉबर्ट आप ह्यूच्या पोथीची छायाचित्रे आणली होती. अँगलसी बेटावरच्या या वादकाने १६१३ च्या सुमारास ती लिहिली. मूळ पोथी आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. स्वर अक्षरांत लिहिलेले. मापे चोवीस, आणि प्रत्येक माप म्हणजे नुसती एक आणि शून्यांची रांग; एक हा एक स्वरमेळ, शून्य हा दुसरा. आपल्या भरी-खालीची आठवण व्हावी! वाजलेली तार कोणत्या बोटाने मुकी करायची, याच्याही खुणा आहेत. लय मात्र कशी धरायची, यावर विद्वान अजून भांडतात. गुरूने शिष्याला समोर बसवून दिलेली विद्या. गुरू गेले, कागद उरला.

बैठक आटोपल्यावर बाई म्हणाल्या, “तुम्हीच एक खुंटी लावून पाहा.” मी लावली. मग धीर करून आईला फोन जोडला. मिरजेत रात्रीचे नऊ वाजले होते. काही न सांगता मी फोन हार्पजवळ धरला. बाईंनी तार छेडली.

पलीकडे बराच वेळ शांतता. मग आई म्हणाली, “जवारी अजून बंद आहे रे. जरा उघड.”