अयोध्या नगरातला पाऊस

2019 च्या गणपतीत मी भोपाळला मावशीकडे गेले होते. बेळगावात गोवा एक्सप्रेसमध्ये बसायचं आणि थेट भोपाळला उतरायचं. मावशीचं घर बायपासजवळच्या अयोध्या नगरात. सून धारवाडची, त्यामुळे घरात हिंदी, मराठी, कन्नड तिन्ही भाषा नांदतात. सर आली की नातू ओरडायचा, "मळे बंतु, मळे!" मावशी म्हणायची, "अरे, तुझ्या या मळेनं आमचे मळे बुडवले!"

ते खरंच होतं. सीहोरकडे काकांचं चार एकर सोयाबीन होतं. शेंगा भरल्या आणि पाऊस हटेना. मोठा तलाव तुडुंब भरला, भदभदा धरणाचे दरवाजे उघडले. आम्ही छत्र्या घेऊन बघायला गेलो. काका आले नाहीत. त्यांच्या शेंगांतच दाण्यांना मोड फुटले होते. "सप्टेंबरात एवढा पाऊस कुठून येतो?" हे ते दहादा विचारत. त्या महिन्यात देशभरातच सरासरीच्या दीडपट पाऊस झाला.

याचं एक उत्तर आमच्या गाडीच्या दुसऱ्या टोकाला, वास्कोला मिळालं. तिथे राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. तिथल्या शास्त्रज्ञांचा अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. उत्तर ध्रुवाकडच्या कारा समुद्रावर उन्हाळ्यात बर्फ कमी असेल, तर सप्टेंबरात मध्य भारतात अतिवृष्टीची शक्यता वाढते, असं त्यांना आढळलं.

समुद्रावरचं बर्फ म्हणजे पातेल्यावरचं झाकण. झाकण निघालं की काळं पाणी ऊन शोषतं, वाफ जास्त होते, हवा तापते. तिकडे बर्फाऐवजी पाऊसच पडू लागतो. ऑगस्ट 2021 मध्ये तर ग्रीनलंडच्या माथ्यावर, सव्वातीन हजार मीटर उंचीवर, पाऊस पडला. तिथे तो पूर्वी कधी नोंदलेला नव्हता. त्या उष्णतेने युरोपावरचे उंच वारे बदलतात, त्याची लाट आशियापर्यंत येते. त्यात अरबी समुद्र तापलेला असला की बाष्प तयारच. अर्थात प्रत्येक सर काही ध्रुवावरून येत नाही, शास्त्रज्ञही तसं म्हणत नाहीत.

काकांना हे फोनवर सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. आता लवकर निघणारं वाण पेरतात. तरी दर सप्टेंबरात त्यांचा फोन येतो, "काय गं, तिकडचं बर्फ यंदा किती उरलंय?"