ठेचेचा दगड

जर्मनीला जायचं ठरलं तेव्हा पांढुर्ण्याच्या उपाश्रयात बायकांनी ना तिथली थंडी विचारली, ना विमानाचं भाडं. सगळ्यांचा प्रश्न एकच, “तिथं तुमच्या चौविहाराचं कसं?”

प्रश्न बरोबरच होता. मुलगा-सून लाइप्झिगला राहतात. मी जूनच्या मध्यात पोचले. पहिल्या संध्याकाळी सवयीनं साडेसहाला जेवले, पाणी प्यायले, पच्चक्खाण घेऊन खिडकीपाशी माळ जपत बसले. सूर्य काही हलेना. आठ वाजले, नऊ वाजले. दहा वर्षांचा नातू म्हणाला, “आजी, अजून दिवस आहे, तू अजून जेवू शकतेस.” त्या दिवशी सूर्य साडेनऊला मावळला. सुनेनं सांगितलं, “आई, डिसेंबरात या, मग बघा. चार वाजता अंधार पडतो. माझं दुपारचं आणि रात्रीचं जेवण एकच होऊन जातं.”

आपलं गाव विषुववृत्तापासून साधारण 21 अंशांवर, लाइप्झिग 51 च्या वर. आपल्याकडे उन्हाळ्याच्या आणि हिवाळ्याच्या सूर्यास्तात दीड तासाचा फरक. तिथं साडेपाच तासांचा, आणि त्यात उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात. शाळेत पृथ्वीचा अक्ष कललेला आहे हे पाठ केलं होतं, कळलं ते चौविहार धरल्यावर.

देश म्हणावा तर फार मोठा नाही. आपल्या मध्य प्रदेशाहून थोडाच मोठा, माणसंही साधारण आपल्याइतकीच. उत्तरेला सपाट जमीन आणि समुद्र, दक्षिणेला आल्प्सचे डोंगर. लाइप्झिग सपाटीवर आहे. शहराच्या दक्षिणेला मोठमोठी तळी आहेत, लोक त्यात पोहतात, नावा चालवतात. मी म्हटलं, किती छान निसर्ग! मुलगा हसला. त्या सगळ्या कोळशाच्या खाणी होत्या. उघड्या खाणींतून कोळसा काढून झाल्यावर त्या खड्ड्यांत पाणी भरलं, काठावर झाडं लावली. मला आपलं परासिया आठवलं. खाण बंद झाल्यावर त्या जागेचं काय करायचं, याचा इतका विचार कुणी करतं हे मी पहिल्यांदा पाहिलं.

पण मला लाइप्झिगची ओढ वेगळ्याच कारणानं होती. फार वर्षांमागे चातुर्मासात एका महाराजसाहेबांनी व्याख्यानात सांगितलं होतं की आपलं कल्पसूत्र आधुनिक पद्धतीनं, पोथ्या ताडून, प्रथम छापलं ते एका जर्मन माणसानं. हर्मान याकोबी त्यांचं नाव. 1873-74 मध्ये, जेमतेम तेवीस-चोवीस वर्षांचे असताना, ते राजस्थानात हिंडले, जैसलमेरचे ग्रंथभांडार पाहिले. 1879 मध्ये त्यांचं कल्पसूत्र छापून निघालं, लाइप्झिगला. त्याआधी युरोपातले मोठमोठे पंडित जैन धर्माला बौद्ध धर्माची शाखा समजत. याकोबींनी त्याच ग्रंथाच्या प्रस्तावनेत दाखवलं की महावीर आणि बुद्ध वेगळे, आणि आपला धर्म स्वतंत्र आहे. पुढे 1884 मध्ये आचारांग आणि कल्पसूत्राचं त्यांचं इंग्रजी भाषांतर आलं.

लाइप्झिग तेव्हा छापखान्यांचं गाव होतं. शहराचा एक सबंध मोहल्ला प्रकाशकांचा, बाइंडरांचा. मुलाला म्हटलं, मला तिथं ने. तो घेऊन गेला. काही जुन्या इमारती आहेत, बाकी नव्या, मध्ये मोकळ्या जागा. 4 डिसेंबर 1943 च्या पहाटे इंग्रजांच्या विमानांनी बॉम्ब टाकले आणि तो मोहल्ला जळाला. कोट्यवधी पुस्तकं त्या एका रात्रीत गेली. पुढच्याच वर्षी, 1944 मध्ये, युद्ध पेटलेलं असताना, बर्लिनच्या ग्रंथालयातल्या जैन हस्तलिखितांची मोठी सूची वाल्टर शूब्रिंग या पंडितांनी याच लाइप्झिगमधून छापून काढली. आपल्या पोथ्यांची इतकी काळजी! मी तिथं उभ्या उभ्या नवकार म्हटला.

इथलीच एक बाई तर आपल्या राज्यात येऊन राहिली. शार्लोटे क्राउझं. जन्म 1895, हाले गावचा. लाइप्झिगहून हाले म्हणजे पांढुर्ण्याहून सौंसर, साधारण तितकंच. लाइप्झिगच्या विद्यापीठात शिकून डॉक्टर झाली. जुनी गुजराती, प्राकृत तिला येत. तिशीच्या सुमाराला हिंदुस्थानात आली, शिवपुरीला आचार्यांच्या सहवासात राहिली, श्राविकेची व्रतं घेतली आणि सुभद्रादेवी झाली. ती परत गेली नाही. 1980 मध्ये ग्वाल्हेरला वारली. माझं माहेर सौंसर, सासर पांढुर्णा. माझा सगळा प्रवास या दोन गावांमधला. ही बाई एकटी इतकी दूर आली आणि तिचं नाव मला साठीत कळावं, याची लाज वाटली.

इथवर सगळं अभिमानाचं होतं. घरी फोन करून सगळ्यांना सांगत होते. मग एक दिवस नातवाला शाळेतून आणताना माझ्या चपलेला काहीतरी घसरलं. खाली पाहिलं तर फुटपाथच्या दगडांत पितळेच्या तीन लहान चौकोनी फरशा बसवलेल्या, हाताच्या तळव्याएवढ्या, अक्षरं कोरलेल्या. मला वाटलं, आपल्याकडे मंदिरात पायरीवर दान देणाऱ्याचं नाव असतं तसं काही असेल. नातू म्हणाला, “हे श्टोल्परश्टाइन. ठेच लागायचा दगड.”

“काय लिहिलंय वाच.”

तो उकिडवा बसला. “इथं राहत होती… मग नाव. मग जन्माचं साल. मग 1942 मध्ये रीगाला पाठवली. मग मारली.”

“वारली?”

“नाही आजी. मारली. खून केला असं लिहिलंय.”

तिन्ही फरशांवर आडनाव एकच होतं. ज्यू लोकांचं घर. हिटलरच्या राज्यात असे साठ लाख ज्यू मारले, हे मी वाचलं होतं. पण साठ लाख हा आकडा डोक्यात मावत नाही. या दारातून तिघं गेली, हे मावतं. गुंटर डेम्निग नावाच्या एका कलावंतानं 1992 मध्ये कोलोनला असा पहिला दगड बसवला, आता युरोपभर लाखाच्या वर आहेत. ते पायाखाली असतात आणि वाचायला मान खाली घालावी लागते. 9 नोव्हेंबरला, ज्या रात्री 1938 मध्ये देशभर ज्यूंची प्रार्थनामंदिरं जाळली, शेजारपाजारचे लोक येऊन हे दगड घासूनपुसून लख्ख करतात, मेणबत्ती लावतात. सून म्हणाली, शाळेतली मुलंही जातात.

लाइप्झिगचं मोठं प्रार्थनामंदिर त्याच रात्री जळालं. त्या जागी आता काशाच्या 140 रिकाम्या खुर्च्या रांगेनं मांडल्या आहेत. बाकी काही नाही.

मला प्रश्न पडला. कल्पसूत्र छापणारी माणसं याच देशाची आणि ही तिघं नेणारीही याच देशाची, हे कसं? याकोबी 1937 मध्ये गेले. तोवर हिटलर येऊन चार वर्षं झाली होती. एवढी विद्या होती, मग कुठं गेली? पण हा प्रश्न मी जर्मनांना विचारावा आणि स्वतः सुटावं, असं मला करता येईना. कारण त्या रात्री मला झोप आली नाही ती आमच्या जाम नदीमुळे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या पांढुर्ण्यात गोटमार होते हे सगळ्यांना माहीत आहे. नदीत पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव. दिवसभर दोन्हीकडून दगड. पळून जाणाऱ्या एका जोडप्याची जुनी गोष्ट सांगतात, शेवटी झेंडा चंडीमातेच्या मंदिरात नेतात. दरवर्षी शेकडो जखमी होतात, माणसं मेलीही आहेत. प्रशासनानं दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, चाललं नाही. आणि आमच्या पर्युषणात त्याच सुमाराला, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, कल्पसूत्रातलं महावीरांचं जन्मवाचन असतं. उपाश्रयात चौदा स्वप्नं उतरतात, नारळ फुटतात, पाळणा हलतो. नदीवर डोकी फुटत असतात. आमच्या घरातल्या बायकांना लहानपणापासून हे दोन्ही आवाज एकत्र ऐकायची सवय आहे.

अठरा वर्षांपूर्वी याच दिवशी जाऊबाई जन्मवाचनाला गेल्या होत्या, मी घरी पारण्याची तयारी करत होते. त्यांचा चौदा वर्षांचा मुलगा स्वयंपाकघराच्या दारात आला. “काकू, गोटमार पाहायले जाऊ का?” माझे हात कामात होते. मी म्हटलं, “जा, पण लांबूनच पाह्यजो.” तासाभरानं त्याला उचलून आणलं. नागपूरला नेलं, पण डावा डोळा गेला. दवाखान्याच्या व्हरांड्यात सगळे विचारू लागले, गेलाच कसा? मी म्हणाले, “न सांगता गेला.”

तीन शब्द. पोरगा शुद्धीवर आल्यावरही काही बोलला नाही. जाऊबाईही बोलल्या नाहीत. मी दरवर्षी संवत्सरीला त्यांच्यापुढे हात जोडून मिच्छामि दुक्कडं म्हणते, पुढे पुढे फोनवर फुलांचं चित्रही पाठवू लागले. जाणता-अजाणता, मन-वचन-काया, सगळं त्यात आलं. फक्त ते एक वाक्य आलं नाही. त्या पितळेच्या फरशीवर ‘वारली’ नव्हतं, ‘मारली’ होतं. माझ्या क्षमेत असं एकही क्रियापद नव्हतं.

संवत्सरीच्या दोन दिवस आधी मुलगा मला सेंट निकोलाय चर्चमध्ये घेऊन गेला. युद्धानंतर या देशाचे दोन तुकडे झाले, लाइप्झिग पूर्वेच्या कम्युनिस्ट भागात आलं. 1980 च्या दशकात दर सोमवारी या चर्चमध्ये शांतीची प्रार्थना व्हायची, मग लोक बाहेर पडून चालू लागले. 9 ऑक्टोबर 1989 ला सत्तर हजार लोक रस्त्यावर आले. समोर पोलीस, सैनिक. दवाखान्यांत जास्तीचं रक्त मागवून ठेवलं होतं असं सांगतात. लोकांच्या हातात मेणबत्त्या होत्या. मेणबत्ती विझू नये म्हणून दुसरा हात आड धरावा लागतो, म्हणजे दगड उचलायला हात राहतच नाही. ते ओरडत होते, “काइने गेवाल्ट”, हिंसा नको. गोळी सुटली नाही. महिन्याभरात, 9 नोव्हेंबरला, बर्लिनची भिंत उघडली. त्याच तारखेला 51 वर्षांपूर्वी मंदिरं जळाली होती. आपला अपराध नाव घेऊन सांगायला शिकलेला देश म्हणून हे जमलं, की नुसती भीती संपली म्हणून, ते मला सांगता येणार नाही. पण सत्तर हजार माणसं आणि एकही गोटा नाही, हे पांढुर्ण्याच्या बाईला नुसतं ऐकून सोडता येत नाही.

संवत्सरीला माझा तिविहार उपवास होता, उकळलेलं पाणी घेत होते. तिथले पाच वाजले, म्हणजे पांढुर्ण्यात साडेआठ. प्रतिक्रमण आटोपलं असेल असं धरून जाऊबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, “मिच्छामि दुक्कडं.” मी म्हटलं, “ताई, थांबा. मला आधी सांगायचंय. त्या दिवशी त्यानं मला विचारलं होतं. मीच जा म्हटलं. न सांगता गेला हे मी खोटं बोलले.”

पलीकडे बराच वेळ आवाज नाही. मग म्हणाल्या, “मले माहीत होतं. पोरानं दवाखान्यातच सांगितलं होतं. काकूले काही म्हणू नको म्हणाला.”

“मग तुम्ही बोलल्या काहून नाही?”

“तू केव्हा सांगतेस ते पाहून राहिली होती.”

मला काही बोलता येईना. त्यांनीच विचारलं, “इथं तर केव्हाचा अंधार पडला. तुझा सूर्य हाये का अजून?”

“हाये. पावणेआठला मावळेल.”

“मग पाणी पिऊन घे,” त्या म्हणाल्या. “घसा सुकला तुझा.”