घाटकोपरहून एका तंबूच्या शोधात

घाटकोपरहून मेट्रो सुटली की थोड्याच वेळात असल्फ्याची टेकडी दिसू लागते. २०१७ च्या अखेरीस स्वयंसेवकांनी रहिवाशांना सोबत घेऊन तिथल्या घरांच्या भिंती निळ्या, पिवळ्या, गुलाबी रंगवल्या. आमच्या थोरल्या लेकीचे विकले गेलेले पहिले छायाचित्र याच टेकडीचे. पण त्या रविवारी आम्हा नवरा-बायकोचे आणि लेकीचेही टेकडीकडे लक्ष नव्हते. आम्ही साकीनाक्याला तंबू बघायला निघालो होतो.

लेक कॉलेजात शिकते, लहान मुलांच्या शिकवण्या घेते आणि हिवाळ्यात मैदानांवरच्या हस्तकला मेळ्यांत छायाचित्रे विकते. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचा काळा कडा, वर्सोव्याच्या होड्या, पावसातली कान्हेरी लेणी असे तिचे विषय. मागच्या मोसमात मुलुंडच्या एका मैदानावर तिने भाड्याचा मांडव घेतला होता. दुपारी वारा सुटला, वरचे कापड फुगले, एक खांब जागचा उचलला गेला आणि शेजारच्या ताईंच्या मातीच्या भांड्यांवर कोसळला. तिथेच एक लहान मूल उभे होते. अल्लाहच्या कृपेने त्याला काही झाले नाही.

त्या ताई “जाऊ दे गं” म्हणत राहिल्या, पण लेकीने दोन दिवसांची कमाई त्यांच्या हातात ठेवली. घरी येऊन म्हणाली, “अम्मी, मी आता नाही जाणार. त्या मुलाला लागलं असतं तर?” आम्ही बरेच दिवस तिला समजावले. शेवटी ठरले की मेळा सोडायचा नाही, तंबू नीट निवडायचा.

साकीनाक्याच्या गल्ल्यांत लहान लहान कारखाने आहेत. तिथे घडीचे तंबू बनवणारे एक वयस्कर चाचा भेटले. आम्ही रंग आणि किंमत विचारू लागलो, तर त्यांनीच उलट विचारले, “जमीन कशी असते? माती की लादी?” आम्ही एकमेकांकडे पाहिले. मुंबईत मैदान म्हटले तरी बऱ्याच ठिकाणी पेव्हर ब्लॉक, सिमेंट नाही तर डांबर. तिथे खुंटी ठोकता येत नाही. मग तंबू धरून ठेवायचा तो वजनानेच. चाचांचा हिशेब सोपा होता: चारही पायांना किमान वीस-वीस किलो. वाळूच्या पिशव्या किंवा पाण्याचे वीस लिटरचे भरलेले जार. जार रिकामे न्यायचे आणि मैदानावरच भरायचे, म्हणजे ओझे होत नाही. पण ते पायाला घट्ट बांधायचे, नुसते शेजारी ठेवायचे नाहीत.

मग छत. लेकीला लाल रंग आवडला होता. चाचांनी तिचेच एक छायाचित्र लाल कापडाखाली धरले. पांढरा कागद गुलाबी झाला, समुद्र जांभळा. तसेच पांढऱ्या कापडाखाली धरले, तर रंग जसेच्या तसे. चित्रे विकणाऱ्याने पांढरेच छत घ्यावे, हे वेगळे सांगावे लागले नाही. छताला उतार हवा, कापड ताणलेले हवे. दहा फूट बाय दहा फूट छतावर एक सेंटीमीटर पाणी साचले तरी सुमारे नव्वद किलो वजन होते. हे गणित आम्ही तिथेच करून पाहिले. अवकाळी सरीला एवढे पाणी साठवायला वेळ लागत नाही. वर वारा निसटायला झडप असलेले दुहेरी छत मिळाले, तर अधिक चांगले.

बाजूच्या कनाती मात्र जपून वापराव्यात. उन्हाने छायाचित्रांचा रंग उडतो, म्हणून पश्चिमेची कनात हवीच. पण वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, आणि बंद कनात शिडासारखी फुगते. आम्ही घाटकोपरकर हे विसरू शकत नाही. १३ मे २०२४ च्या वादळात आमच्याच छेडानगरजवळ १२० फूट बाय १२० फुटांचा जाहिरात फलक पेट्रोल पंपावर कोसळला आणि १७ जण गेले. तंबू त्यापुढे काहीच नाही, पण वारा तोच. म्हणून आमच्या घराचा नियम ठरला: वारा वाढला की आधी काचेच्या चौकटी खाली, मग कनाती, मग छत. त्या वेळी गिऱ्हाईक समोर असले तरी.

घरी आम्ही हे सांगत होतो, तेव्हा आमच्या वडिलांनी विचारले, “आगीचं काय?” वडील हज करून आले, तेव्हा मिनामध्ये नवे तंबू लागलेले होते. एप्रिल १९९७ मध्ये तिथे आग लागून ३४३ हाजी शहीद झाले. त्यानंतर तिथे टेफ्लॉनचा लेप दिलेल्या, सहज आग न पकडणाऱ्या काचतंतूच्या कापडाचे तंबू उभारले गेले. आम्ही वर्गात मुलांना खय्याम म्हणजे तंबू शिवणारा असे शिकवतो, पण कापडाचा हा प्रश्न आमच्या मनात आला नव्हता. दुसऱ्या दिवशी चाचांना फोन करून आग लवकर न पकडणारे कापड मागितले. तंबूत तापणारे दिवे लावायचे नाहीत, फक्त एलईडी, आणि चहाच्या शेगडीपासून लांबची जागा मागायची, हेही ठरले.

राहिला नेण्याचा प्रश्न. लोखंडी सांगाडा स्वस्त, पण जड. ॲल्युमिनियमचा महाग, पण लेक एका मैत्रिणीच्या मदतीने उचलू शकते. घडी केल्यावर तो साधारण पाच फूट लांब होतो, रिक्षाच्या मागच्या सीटवर तिरका बसतो. वांद्र्याच्या आणि सायनच्या पुढे, दक्षिणेला, रिक्षा चालत नाहीत. तिकडच्या मेळ्याला टॅक्सी करावी लागेल. मुलुंडला जायचे तर लोकलचा लगेज डबा आहे. आम्ही ॲल्युमिनियमचाच घेतला. चार-पाच मेळ्यांच्या भाड्यात त्याचे पैसे वसूल होतील.

जानेवारीत बोरिवलीच्या एका मेळ्यात तो पहिल्यांदा उभा राहिला. एक वाजता समुद्राकडचा वारा सुरू झाला. लेकीने चौकटी उतरवल्या, कनाती गुंडाळल्या, जारांच्या दोऱ्या तपासल्या. वीस मिनिटे विक्री बंद. शेजारी एक आजी गोधड्या घेऊन उन्हात बसल्या होत्या. लेक म्हणाली, “आजी, टेबल इकडे सावलीत घ्या, हा उडायचा नाही.” आजींनी चारही पायांकडे नीट पाहिले आणि मग टेबल सरकवले.

त्या दिवशी सात छायाचित्रे गेली. पण शेजाऱ्याचा हक्क आपण पाठ करतो, तो मैदानावरही पाळायचा असतो, हे आम्ही लेकीकडून शिकलो. वाचकांपैकी कोणाची मुले असा स्टॉल लावत असतील, तर रंग आणि किंमत विचारण्याआधी त्यांनी एकच प्रश्न विचारावा: खाली वजन किती?