पहिल्या मजल्यावर सायकल कोण नेणार?

बाबांचं सायकल दुरुस्तीचं दुकान वीस वर्षं एसटी स्टँडजवळच्या टपरीत होतं. टपऱ्या उठल्या, तिथं व्यापारी संकुल झालं आणि बाबांना त्यात गाळा मिळाला. दहा बाय दहा, पहिल्या मजल्यावर. आता तुम्हीच सांगा, पंक्चर झालेली सायकल जिना चढवून कोण आणणार? वर्षभर बाबा वर वाट बघत बसले. मग पंप आणि पाण्याचं घमेलं घेऊन परत खाली, जिन्याच्या कडेला. गाळ्याला कुलूप, भाडं मात्र चालू.

आज हे लिहितोय कारण जुन्या बाजारतळावरच्या नव्या संकुलाचा विषय येत्या सर्वसाधारण सभेत आहे. कबूल करतो, सिव्हिल इंजिनिअर म्हणून असली दोन संकुलं मीही काढून दिलीत. गणित सोपं असतं : जितके गाळे जास्त, तितकी लिलावात अनामत जास्त, त्यातून बांधकामाचा खर्च निघतो. पण अनामत ज्याच्याकडे आहे तोच गाळा घेतो आणि पुढं पोटभाड्याने देतो. टपरीवाला राहतो रस्त्यावरच.

या वेळी मी वेगळा नकाशा काढलाय. फक्त तळमजला. बारा-बारा फुटांवर लोखंडी खांब, वर उंच पत्रा, आणि गरम हवा जायला माथ्याशी फट. मधल्या भिंती विटांच्या नाहीत, नटबोल्टने काढता येणाऱ्या सिमेंट शीटच्या. शिंप्याला अर्धा खण पुरतो, वेल्डिंगवाल्याला दोन लागतात. धंदा वाढला तर भिंत सरकवा, बसला तर अर्धी जागा परत करा. भिंत हलते, पण पाणी आणि मोरी सहज हलत नाही, म्हणून पाईप आणि गटार मागच्या बोळातून प्रत्येक खणापर्यंत आधीच न्यायचं. उद्या तिथं सलून आलं काय नि चहावाला आला काय, फरशी फोडावी लागणार नाही. प्रत्येकाला वेगळा मीटर. पुढं झाकलेला ओटा, भाजीवाल्या मावशींसाठी. आणि बायकांसाठी स्वच्छतागृह, ज्याची किल्ली कुणाच्या खिशात नसेल.

काहीजण म्हणतात, "पत्र्याची शेड? गाव मागास दिसेल." पुण्याची महात्मा फुले मंडई बघा. १८८६ पासून उभी आहे, आणि तिचं मोठेपण उंच छपरात आणि खेळत्या हवेत आहे, काचेत नाही. गंमत म्हणजे आज जिला त्यांचं नाव आहे, त्याच मंडईवरच्या खर्चाला जोतीरावांनी नगरपालिकेचे सभासद असताना विरोध केला होता. पैसा आधी शिक्षणावर लावा, हे त्यांचं म्हणणं. सार्वजनिक पैशाने बांधताना हा प्रश्न आपणही विचारायलाच हवा.

अजून एक. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांमधून निवडलेले हवेत. मग नकाशा मंजूर करण्याआधी त्यांना एकदा विचारायला काय हरकत आहे? माझ्या नकाशातही चुका असतील. त्या टपरीवाल्याइतक्या चांगल्या कुणी दाखवणार नाही.

नगरसेवक मित्रांनो, मतं मागायला टपरीवर येता, तसं नकाशा दाखवायलाही या. बाबांनी नकाशा बघितला आणि एवढंच विचारलं, "दारात पायरी नाही ना?"

नाही बाबा. उतार ठेवलाय.