बोटीवरचा विमा

डोंगरांनी समुद्राला आत बोलवावे आणि त्याने तिथे गुपचूप बसून राहावे, तसा नॉर्वेतला गायरांगरचा फियोर्ड! सुमारे 15 किलोमीटर लांबीची ही चिंचोळी खाडी, दोन्ही बाजूंना उभे कडे, आणि एका कड्यावरून कोसळणारा ‘सात बहिणी’ नावाचा धबधबा. 2005 साली युनेस्कोने तिला जागतिक वारशात स्थान दिले.

माझे मामा-मामी साउदम्प्टनहून वर्षातून तीन-चार वेळा अशा सफरी करतात. विलायतेत नोकरी करून मामा निवृत्त झाले आहेत. यंदा कॉलेजच्या सुटीत त्यांनी मलाही सोबत नेले. फियोर्डमध्ये बोट शिरली, आणि डेकवरच्या खुर्चीत मामांनी माझ्या हाती दोन कंपन्यांची विमापत्रे दिली. वर्षभराचा विमा संपत आला होता. “तू भाषेचा मास्तर. यांतला कोणता घेऊ, सांग.”

वाचकहो, एरवी कवितेतला श्लेष शोधणारा मी त्या दिवशी विम्यातले श्लेष शोधू लागलो. ‘वार्षिक’ म्हणजे वर्षाचे सगळे दिवस नव्हेत! एका सफरीला दिवसांची मर्यादा असते. एका पत्रात ती 31 होती. मामांना हिवाळ्यात चाळीस दिवसांची सफर करायची होती, तेव्हा ते पत्र स्वस्त असूनही निरुपयोगी. पुष्कळ कंपन्या बोटीच्या सफरीसाठी वेगळा हप्ता घेतात. तो भरला तरच बंदर चुकल्याची किंवा आजारपणात केबिनमध्ये अडकल्याची भरपाई मिळते. शिवाय विमा ज्या तारखेला सुरू होतो, तिच्या आधी सफर रद्द झाली तर पैसे बुडाले. म्हणून तो तिकीट काढतानाच सुरू करावा.

पण खरा प्रश्न आजाराचा. विलायतेतला सरकारी दवाखाना किनाऱ्यावरच राहतो. बोटीवरचा डॉक्टर बिल देतो, आणि भर समुद्रातून हेलिकॉप्टरने रुग्णालयात न्यायचे, तिथून घरी आणायचे, तर खर्च डोळे पांढरे करणारा. इथून उत्तरेलाच, हुस्तादविकाच्या समुद्रात, 23 मार्च 2019 रोजी ‘वायकिंग स्काय’ बोटीची यंत्रे वादळात बंद पडली. बोटीवर 1373 माणसे होती. साडेचारशेहून अधिकांना एकेक करून दोराने हेलिकॉप्टरमध्ये ओढून घेतले. उरलेल्यांसह बोट दुसऱ्या दिवशी मोल्देला लागली.

अर्जात ‘पूर्वीचे आजार’ असा रकाना होता. मामांनी त्यात फक्त मधुमेह लिहिला होता. मामी हळूच म्हणाल्या, “आणि चैत्रात डॉक्टरांनी सुरू केलेली हृदयाची गोळी?”

“अगं, हप्ता दुप्पट होईल!”

“होऊ द्या, मामा,” मी म्हणालो. “ही एक ओळ गाळलीत, तर वेळेला कंपनी सगळाच कागद गाळील. मग मामींनी परक्या बंदरात कुणाच्या तोंडाकडे पाहायचे?”

मामा काही बोलले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला, मामींना गोळीचे नाव विचारले आणि एकेक अक्षर सुटे काढून ते रकान्यात लिहिले.