स्लाव स्त्रीचा निरोप

मिखाईल कालातोझोव यांचा 'द क्रेन्स आर फ्लाइंग' (१९५७) आम्ही प्रथम पाहिला तो एका फिल्म सोसायटीच्या खेळात. युद्धावर निघालेल्या बोरिसला गाठण्यासाठी वेरोनिका गर्दीतून वाट काढते आहे. बँड वाजतो आहे. ती बिस्किटांचा पुडा त्याच्या दिशेने फेकते. पुडा त्याच्यापर्यंत पोचत नाही, चालत्या पायांखाली चिरडला जातो. त्या क्षणी आपला पायही त्याच ठेक्यावर पडतो आहे, हे आमच्या ध्यानात आले आणि आम्ही ओशाळलो.

ती धून म्हणजे 'प्रोश्चानिये स्लाव्यांकी', अर्थात 'स्लाव स्त्रीचा निरोप'. वासिली अगापकिन यांनी ती १९१२ मध्ये ताम्बोव येथे रचली. बालपणीच पोरके झालेले अगापकिन लष्करी बँडमध्ये वाढले होते. तेव्हा ते घोडदळाच्या एका पलटणीत ट्रम्पेट वाजवीत. बाल्कन प्रदेशातील स्लाव राष्ट्रे तुर्की साम्राज्याविरुद्ध युद्धात उतरली होती. सिम्फेरोपोलला छापलेल्या स्वरलिपीच्या मुखपृष्ठावर सैनिकाला निरोप देणारी तरुणी होती, आणि अर्पणपत्रिका होती सर्व स्लाव स्त्रियांना. संचलनाच्या धुनीला नाव मिळाले ते मागे राहणारीचे!

पुढे ती कोणाच्या ओठी गेली नाही? रशियन यादवी युद्धात बोल्शेविकांशी लढणाऱ्या श्वेत सैन्याने ती गायिली, दुसऱ्या महायुद्धात पोलंडच्या भूमिगत सैनिकांनीही; शब्द ज्याचे त्याचे. जर्मन फौजा मॉस्कोनजीक येऊन ठेपल्या असता ७ नोव्हेंबर १९४१ रोजी लाल चौकात संचलन झाले. तेथील बँडचे संचालन अगापकिन यांनीच केले, आणि कित्येक तुकड्या तेथून थेट आघाडीवर गेल्या. आज ही धून नव्या शिपायांना निरोप देताना वाजते, तशीच लांब पल्ल्याची गाडी फलाट सोडतानाही. २०१४ मध्ये मॉस्कोच्या बेलोरुस्की स्थानकावर तिच्या नावाचे शिल्पही उभे राहिले.

समारंभाने येथे शोक पचवून टाकला, असा आमच्या एका स्नेह्यांचा आक्षेप आहे. तो आम्हांला पुरता खोडता येत नाही. पण धून ऐकावी. पाश्चात्त्य संगीतातील 'मायनर' सुरावटीत बांधलेली ही रचना पाऊल उचलायला लावते आणि त्याच दमात गळाही दाटवते. यांतले एक काढून दुसरे ठेवता येत नाही. कालातोझोव यांनी तिच्यावर भाष्य केले नाही. त्यांनी आपली नजर फक्त खाली, पायांकडे नेली.

तो प्रसंग आम्ही पुढे दोनदा पाहिला, पाय आवरून बसून. दोन्ही वेळा तो हललाच.